पंधरा वॅटांचा वाद

तुझ्या डाव्या स्पीकरला भोक मी पाडलं. पालीने नाही.

हे वाक्य तुझ्या तोंडावर बोलायला मला अकरा वर्षं मिळाली होती, बस्त्याव. दर आठवड्याला बांद्याहून रेडीला यायचो, तुझ्याकडे जेवायचो, तुझ्या व्हरांड्यात पाय पसरून बसायचो, आणि हे एक सोडून जगातलं सगळं बोलायचो. आता तू इगर्जीमागच्या कबरस्तानात जाऊन झोपलास, तेव्हा मला कबुलीची घाई सुटलीय. तुमच्यात पाद्रीच्या कानात सांगितलं की माणूस मोकळा होतो. आमच्यात तशी सोय नाही, म्हणून लिहून टाकतो.

झालं होतं असं. तू वयनीला घेऊन सावंतवाडीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतास. घराची चावी माझ्याकडे होती, कारण विहिरीवरचा पंप मी बघायचा होता. पंप दहा मिनिटांत झाला. मग मी हॉलमध्ये आलो आणि तुझ्या त्या दोन लाडक्यांसमोर उभा राहिलो. माझा धंदा साऊंड सिस्टीम भाड्याने देण्याचा. दशावतार, लग्नं, गणपती, क्रिकेटच्या मॅची. बाहेर टेम्पोत चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर पडलेला. तू कायम बजावायचास, "पंधरा वॅटच्या वर एक थेंब नाय." पंधरा वॅट माझ्या धंद्यात माइक चालू आहे की नाही ते बघण्यात संपतात. मनात आलं, बिचाऱ्यांना जन्मात एकदा तरी पोटभर वाढावं.

वाढलं. आमच्या नाटकमंडळींच्या मृदंगाचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं, ते लावलं. पहिली दहा सेकंदं, खोटं कशाला बोलू, मृदंग हॉलमध्ये येऊन बसला. वादकाची बोटं दिसत होती. मग मी बटण जरासं आणखी फिरवलं आणि डाव्या स्पीकरच्या जाळीमागे निळी रेघ चमकली. चट्. परत चट्, चट्. वेल्डिंगच्या शेडमध्ये येतो तसा वास आला आणि डावी बाजू पडली. उजवी तेवढी वाजत राहिली, साक्षीदारासारखी.

तू संध्याकाळी आलास आणि उंबऱ्यातच थांबलास.

"काय झाला?"

"पाल," मी म्हटलं. "आत शिरली पाल. चट् करून आवाज इलो, बस."

तू नाक वर करून वास घेतलास. "पाल भाजल्यार मांसाचो वास येता. ह्यो प्लास्टिकचो."

"ल्हान पाल होती."

"मगे ती खंय आसा?"

या प्रश्नावर शहाणा माणूस कबूल झाला असता. मी दुसऱ्या दिवशी दुकानातल्या ट्यूबलाइटच्या पट्टीत मरून पडलेली पाल काड्यापेटीत घालून रेडीला आणली आणि तुझी पाठ वळल्यावर स्पीकरमागे सोडली. तू ती सांडशीने उचललीस, पेपरवर ठेवलीस, आणि नवा चष्मा लावून तिच्याकडे इतका वेळ बघत राहिलास की मला लघवीला लागली.

"बाबल्या, ही सुकलेली आसा रे. म्हयनो झालो असतलो मरान. मेल्यावर चलत इली?"

"तुमच्या रेडीची पाल. तिचा काय सांगूक येता?"

"रेडीची नाय ही," तू म्हणालास. "तोंड बघ. बांद्याची दिसता."

बस. त्यानंतर अकरा वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. उलट कोणी पाहुणा आला की ओळख करून द्यायचास, "ह्यो बाबल, आमचो पालींचो डॉक्टर." पाहुणा माझ्याकडे आदराने बघायचा आणि मी भजी खात राहायचो.

भोक बुजवायला तीन आठवडे लागले. वयनीचं जेवणाचं टेबल तू त्या कामाला लावलंस आणि घरातली माणसं खाली बसून जेवायला लागली. मिठाईच्या खोक्यावर असतो त्याच्याहूनही पातळ प्लास्टिकचा कागद, पारदर्शक, श्वास लागला तरी थरथरणारा. तो तू स्पीकरच्या चौकटीवर ताणून चिकटवलास. गरम हवेने तो आणखी ताणायचा असतो. त्यासाठी मी बांद्याच्या ब्युटी पार्लरमधून हेअर ड्रायर मागून आणला. पार्लरवाल्या बाईने माझ्या टकलाकडे बघितलं आणि काही न विचारता दिला. तीन आठवडे तू टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला ड्रायर धरून, मध्ये मी पाडलेलं भोक, आणि दोघंही पालीला शिव्या देतोय. एवढी मोठी माफी मला कोणी कधी दिली नाही. आणि आभार मानायचे तर आधी गुन्हा कबूल करावा लागला असता.

गावाला ते स्पीकर कधी स्पीकर वाटलेच नाहीत. गुडघ्याइतक्या उंचीचे, आडवे, थोडे बाकदार, पितळी जाळीचे. तू जहाजावर इलेक्ट्रिशियन होतास. विलायतेतल्या कुठल्यातरी बंदरात एका म्हाताऱ्याचं घर रिकामं होत होतं, तिथून ते उचललेस आणि दोन सफरी केबिनमध्ये खाटेखाली ठेवून घरी आणलेस. रेडीत पेटी उघडल्यावर सगळ्यांनी ठरवलं की बस्त्यावने तारवावरून हिटर आणले. शेजारचे भाऊ मला रस्त्यात अडवून विचारायचे, "रेडीत हिटर कित्याक रे? घाम कमी पडता काय तेका?"

त्यांना तू समजवायला जायचास, तेव्हा मी मजा बघायचो. साध्या स्पीकरात कागदाचा कोन असतो, तारेचं वेटोळं असतं, लोहचुंबक असतं. त्याला ढोसलं की तो हलतो. तुझ्या स्पीकरात यातलं काही नाही. दोन भोकाभोकांच्या पत्र्यांमध्ये तो पातळ कागद, त्यावर सहा हजार व्होल्टांचा भार. ॲम्प्लिफायरकडून येणारा सूर ट्रान्सफॉर्मर मोठा करून पत्र्यांना देतो, आणि पत्रे त्या कागदाला कधी इकडे ओढतात, कधी तिकडे. फार जोराने ओढलं तर वीज कागदातून उडी मारते. ती उडी मी बघितलेली आहे.

"ह्यांका ढकलूचा नसता," तू म्हणायचास. "झुलवूचा असता. पाळण्यासारख्या."

पाळणाच होता तो. वयनीने मच्छरदाणीच्या कापडाचे त्यांना झगे शिवले होते, कारण बंदरावर लोखंडाची माती चढवायला लागले की लाल धूळ गावभर उडायची, आणि एवढे व्होल्ट असलेला कागद ती धूळ स्वतःकडे बोलावून घ्यायचा. वर खारी हवा. धूळ आणि ओल एकत्र आली की आतून कोणी तांदूळ निवडत असल्यासारखा टिकटिक आवाज यायचा. पावसाळ्याचे चार महिने तू दोघांच्या मागे झिरोचा बल्ब लावून ठेवायचास, ऊब राहायला. वयनी म्हणायची, "माका संधिवात आसा, पण बल्ब तेंका."

आणि तुझा तो नियम. मागचं झाकण उघडायचं तर एक हात पँटच्या खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि वाटेत काळीज लागतं. प्लग काढून अर्धा दिवस झाला असला तरी एक हात खिशात. एकदा मी बिनखिशाच्या बर्मुड्यात आलो होतो, तर तू मला खोलीबाहेर काढलंस. मी म्हटलं हात कमरेवर ठेवतो. तू म्हणालास, "कमरेर हात ठेवन तू उपदेश करतंस. खिशात घालतंस तेव्हाच काम करतंस." पुढच्या खेपेला वयनीने त्या बर्मुड्याला खिसा शिवून दिला. फुलाफुलांचा.

आता मुद्द्यावर येतो, कारण मी इथे रडायला बसलेलो नाही. आपला वाद अर्धा राहिलाय.

दोन पावसाळ्यांपूर्वी तुझ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर ओल लागून जळला. पंधरा वॅटचा, तुझ्याच वयाचा, अंधारात निखाऱ्यासारखा दिसणारा. तसा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेना. तू दोन्ही स्पीकरांवर झगे चढवलेस आणि बल्ब लावून गप्प बसलास. दोन वर्षं तुझ्या हॉलमध्ये फक्त घड्याळ वाजत होतं. मी म्हटलं, लहान ट्रान्झिस्टरचा बनवू. तू म्हणालास, मेल्यार बरा.

"व्हॉल्व्ह मरता तेव्हा गप मरता," तू म्हणालास. "ट्रान्झिस्टर मरता तेव्हा पुढच्याक घेवन मरता."

बरोबर होतं. ट्रान्झिस्टर बसला की बहुतेक वेळा आरपार होऊन बसतो, आणि सप्लायची सगळी वीज सरळ समोर लोटतो. तुझ्या स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरचा कोळसा झाला असता. पण माझंही काही चुकीचं नव्हतं. मी म्हणत होतो, त्याला फ्यूज घालू, आणि सरळ वीज आली की वायर तोडणारा रिले घालू. आणि मुख्य म्हणजे सप्लायच चोवीस व्होल्टांचा ठेवू. तुझे स्पीकर तीसबत्तीस व्होल्ट सोसतात. ज्याच्या घशातच चोवीस आहेत, तो कितीही ओरडला तरी बत्तीसवर जाणार कुठून? चारशे वॅटवाल्याला बटणावर हात आवरावा लागतो. याला आवरायचीच गरज नाही.

"तू आवरतलंस?" एवढंच तू म्हणायचास. वाद मुद्द्यावरून माणसावर आणायची तुझी ही खोड फार वाईट होती.

तुझ्या शेवटच्या दिवशी सकाळी फोनवर तेच. मी सांगितलं, मी बनवायला घेतलाय, तू हो म्हण किंवा नको म्हण. तू म्हणालास ह्या स्पीकराचा ओझा साधा नाय, सूर वर जाता तसा ओझा वाढत जाता, तुझो ट्रान्झिस्टर थरथरान मरतलो. मी म्हटलं तुझ्या जहाजावरची विद्या जहाजावर ठेव. तू म्हणालास, "बरा. बनव. पण ता जोडताना वायरीत एक..." आणि मी फोन कापला. रागाने नाही. गिऱ्हाईक आलं होतं. म्हणजे, रागानेच. गिऱ्हाईक नंतर आलं.

त्या दुपारी तू जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. वयनी चहा घेऊन आली तेव्हा कळलं. ना धडपड, ना हाक. आयुष्यभर ट्रान्झिस्टरला शिव्या घातल्यास, आणि स्वतः व्हॉल्व्हसारखा गेलास. पुढच्यांना काही धक्का पोचू दिला नाहीस असं तुला वाटत असेल, तर तेवढं एक गणित तुझं चुकलं.

पुरताना पाद्री म्हणाला की आता सगळे वाद मिटले. मी मान हलवली नाही. माझ्या शेजारी उभ्या लीनाने ते बघितलं.

तुझी लेक तुझ्यावर गेलीय, एवढं सांगतो. म्हापशाला शाळेत शिकवते म्हणून बोलते शुद्ध, पण नजर तुझी. सातव्या दिवसाचा मिस, म्हणजे तुमची इगर्जीतली प्रार्थना, झाला, लोक गेले, आणि तिने मला हॉलमध्ये बोलावून घेतलं.

"काका, हे मी विकतेय. गोव्यात एक माणूस आहे, जुन्या वस्तू जमवतो. तो घेऊन जायला तयार आहे."

"विकू नको."

"आई एकटी राहणार इथे. सहा हजार व्होल्ट आहेत त्यात, पप्पाच सांगायचे. पप्पा होते तेव्हा ठीक. आता उद्या आईने झाडताना हात घातला तर? तुम्ही बांद्याहून येणार?"

"झाकणाचे स्क्रू असे बसवतो की कोणाला उघडताच येणार नाही. अर्थिंग नवीन करतो."

"आणि वाजवणार कशावर? तुमच्या त्या लग्नातल्या मशीनवर?" तिने डाव्या स्पीकरकडे बोट केलं. "काका, पप्पांनी मला पालीची गोष्ट सांगितलीय."

"कुठची?"

"खरी."

मी खाली बघितलं. तुझ्या हॉलची लादी फार स्वच्छ असते, बघायला काही सापडत नाही.

मग मी जे बोललो त्याची मला लाज नाही. मी म्हटलं, तुझ्या बापाने हे स्पीकर खाटेखाली घालून अर्धी पृथ्वी फिरवून आणले. आयुष्यभर धूळ पुसली. मी फोडलेला कागद तीन आठवडे टेबलावर नवा केला. तो गेला म्हणून त्याचा कानही गेला असं जर तुम्ही सगळे समजत असाल, तर मी समजत नाही. गोव्यातला माणूस ते काचेमागे ठेवील. वर एक झाड ठेवील. हे वाजले पाहिजेत, याच खोलीत, आणि ते मी वाजवून दाखवतो.

लीनाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "महिन्याच्या मिसाच्या दिवशी," ती म्हणाली. "त्या दिवशी वाजवून दाखवा. एक ठिणगी दिसली, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो येईल. आणि तो तुमचाच असेल."

वयनी स्वयंपाकघरात होती. तो सबंध महिना ती कोणालाच काही म्हणत नव्हती. भांडी मात्र घासलेली परत घासत होती.

बांद्याला येऊन मी ॲम्प्लिफायर पुरा केला. आणि बघ, यावेळी मी तुझ्यासारखा वागलो. नवीन मशीन आधी स्पीकरला लावायचं नाही, हे तूच शिकवलंस. आधी खोटा स्पीकर बनवायचा. बाजारातून वीज साठवणारे मोठे कपॅसिटर आणले, कारण ॲम्प्लिफायरच्या बाजूने बघितलं तर तुझा स्पीकर म्हणजे एक मोठा कपॅसिटरच. ते जोडले, बारीक आवाजात काहीतरी सोडलं. सगळं झकास. मी चहा प्यायला गेलो. परत येऊन ट्रान्झिस्टरचा ताप बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर हात ठेवला आणि बोटाला फोड आला. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण मशीन आतल्या आत थरथरत होतं, माणसाच्या कानापलीकडच्या सुरात, आणि स्वतःच्या तापाने भाजून निघत होतं. तू म्हणाला होतास तस्सं. आणखी पाच मिनिटांनी ट्रान्झिस्टर बसले असते, आणि समोर खोटा स्पीकर नसता तर तुझा खरा गेला असता.

चार दिवस मी तिथेच अडकलो. वायरिंग बदललं, अर्थिंग बदललं, ट्रान्झिस्टर बदलले. तोच ताप. पाचव्या दिवशी दुपारी बोटाला मलम लावत बसलो होतो आणि तुझं ते तुटलेलं वाक्य आठवलं. वायरीत एक. वायरीत एक काय, बस्त्याव? जहाजावरचा इलेक्ट्रिशियन वायरीत एक काय घालील? मी खोका उपसला आणि पांढऱ्या विटकरीसारखा एक रेझिस्टर, विजेला अडवणारा, काढला, दीड ओहमचा, माझ्याकडे असे किलोने पडलेत. तो ॲम्प्लिफायर आणि खोट्या स्पीकरच्या मध्ये बसवला. ओझं कितीही वाढलं तरी दीडच्या खाली जायचं नाही, एवढीच त्याची नोकरी. अर्धा तास चालवलं. हीटसिंकवर गाल ठेवला. थंड.

मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि काय केलं ते इथे लिहीत नाही. लिहायचं ठरवलं होतं, पण नाही लिहीत.

तर तू आता म्हणशील, रेझिस्टर मी सांगितलो. नाही. तू 'एक' सांगितलंस. रेझिस्टर मी शोधला. एकाच्या पुढे तू काहीही बोलला असतास. फ्यूज बोलला असतास, गाठ बोलला असतास. पुरावा काय? मी फोन कापला, हा माझा गाढवपणा. पण तुझं वाक्य पुरं करून घ्यायला मी जिवंत आहे, आणि ते मी माझ्या मनासारखं पुरं करणार.

महिन्याचा मिस झाला. लोक तांदळाची वाफवलेली सान्नं आणि चहा घेऊन पांगले. हॉलमध्ये आम्ही तिघंच. मी सकाळपासून येऊन झगे काढले होते, मऊ ब्रशने धूळ झाडली होती, एक हात खिशात घालून. झाकणं बंद, स्क्रू घट्ट, अर्थिंग नवीन. विजेला जोडून चार तास नुसते ठेवले होते, म्हणजे कागदावर भार नीट चढेल. टिकटिक नव्हती. वयनी स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभी होती.

तुझी ती व्हायोलिनची तबकडी लावली. आवाज बारीक ठेवला. वाजवणाऱ्या बाईने तारेवर गज ठेवला तो क्षण कळला, अजून सूर निघायच्या आधी.

लीना ऐकत होती. मग उठली, ॲम्प्लिफायरपाशी आली आणि म्हणाली, "मी नसताना आईने चुकून हे पूर्ण फिरवलं, तर?"

"काही होणार नाही."

"नक्की?"

"चोवीस व्होल्टच आहेत त्यात. पुढे जायला जागाच नाही."

तिने बटण पकडलं आणि शेवटपर्यंत फिरवलं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बटणं शेवटपर्यंत फिरवलीयत, बस्त्याव. दुसऱ्याने फिरवताना बघणं काय असतं ते तू अकरा वर्षांपूर्वी बघितलंही नव्हतंस, तरी तुला माहीत होतं. मी डाव्या जाळीकडे बघत होतो. व्हायोलिन घोगरं झालं, फाटलं, तबकडीतली बाई जणू घसा धरून ओरडायला लागली. निळी रेघ आली नाही. चट् नाही. वास नाही. मी हीटसिंकवर हात ठेवला. कोमट. लीनाने पूर्ण एक मिनिट तसंच ठेवलं, घड्याळ बघून, वर्गात पेपर असावा तसं. मग हळूहळू बटण मागे आणलं. व्हायोलिन परत माणसात आलं.

"ठीक," ती म्हणाली.

तेवढा एक शब्द माझ्यात शिरला आणि बांध फुटला. मी हॉलच्या मधोमध उभा राहून तुला ऐकवायला सुरुवात केली. मी म्हटलं बघितलंस, ट्रान्झिस्टर थरथरतो म्हणत होतास, हा बघ गारठलाय. मी म्हटलं व्हॉल्व्ह गेले तेल लावत, तुझा पंधरा वॅटचा नियम मीही पाळला, पण माझ्या पद्धतीने पाळला. मी लीनाला फ्यूज दाखवला, रिले दाखवला, रेझिस्टर का दीडचाच, एकचा का नाही, ते सांगितलं. दोन्ही हात कमरेवर होते, आणि तू नव्हतास हे सांगायला. तबकडीची एक बाजू संपत आली तरी मी बोलतच होतो. तू गेलास म्हणून वाद मी एकट्याने का बंद करू? दोन्ही बाजू मला पाठ आहेत. तुझी बाजू तर मी तुझ्याहून चांगली मांडतो.

लीनाने हातातला फोन वर केला. "आई, त्या गोव्याच्या माणसाला नको म्हणून कळवू? तू सांग. घर तुझं आहे."

वयनी वळली. ओले हात पदराला पुसत ती हॉलमध्ये आली, दोन्ही स्पीकरांच्या मध्ये थोडी मागे, आणि ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला इतक्या वर्षांत कधी नीट वाचता आलेलं नाही. महिनाभरात पहिल्यांदा ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"ऱ्हवांदेत. आवाज बरो आसा, तेच्यासारखोच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू गप ऱ्हवलंस तर आणखी बरो येतलो."